उल्लेखांच्या फूटपट्टीने शास्त्रज्ञ मोजता येतो का?

विद्यार्थिमित्रांनो, फलंदाजाचे काम कसे मोजतात ते तुम्हाला कोणी शिकवायला नको. धावा, शतके, सरासरी सगळे तुमच्या जिभेवर असते. पण प्रयोगशाळेत काम करणाऱ्या शास्त्रज्ञाचे काय? त्याने आयुष्यभरात किती ‘धावा’ काढल्या हे कोण सांगणार? आणि सांगितले तरी ते आपण मानावे का?

शास्त्रज्ञाला काही नवे सापडले की तो शोधनिबंध लिहून एखाद्या नियतकालिकाकडे पाठवतो. त्या विषयातले इतर जाणकार तो तपासतात आणि मग तो छापला जातो. निबंधाच्या शेवटी एक यादी असते. आपण कोणाकोणाच्या पूर्वीच्या कामाचा आधार घेतला, कोणाची पद्धत वापरली, कोणाशी आपला मतभेद आहे, याची ती नोंद. आज लिहिलेल्या निबंधाच्या यादीत तुमच्या दहा वर्षांपूर्वीच्या निबंधाचे नाव आले, तर तुमच्या निबंधाला एक ‘उल्लेख’ मिळाला असे म्हणतात.

ही यादी नेहमी मागे पाहते. १९८० सालच्या निबंधावरून १९५९ सालच्या निबंधाकडे जाता येते, पण १९५९ सालच्या निबंधावरून पुढे त्याचे काय झाले हे कसे कळावे? अमेरिकेतल्या वकिलांची ही अडचण फार पूर्वीच सुटली होती. एखाद्या जुन्या निकालाचा आधार पुढे कोणकोणत्या खटल्यांत घेतला गेला, याची सूची त्यांच्याकडे एकोणिसाव्या शतकापासून छापली जात होती. विज्ञानासाठी तशीच सूची करावी, असे युजीन गारफील्ड यांनी १९५५ साली सुचवले आणि १९६४ साली त्यांच्या फिलाडेल्फियातील संस्थेने ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ बाजारात आणला. जाडजूड खंड, बारीक टाइप, नुसती नावे आणि पृष्ठांक! आज हेच काम संगणक क्षणार्धात करतो. गारफील्ड यांचा मूळ हेतू मात्र शास्त्रज्ञांना गुण देण्याचा नव्हता. हवी ती माहिती लवकर सापडावी, एवढाच होता. गुण देण्याचा उद्योग पुढे त्याला चिकटला.

आता एका माणसाची गोष्ट पाहू. तिच्यात या फूटपट्टीचे गुण आणि दोष दोन्ही दिसतात.

पटकी हा शब्द तुम्हाला जुन्या कादंबऱ्यांत किंवा आजीच्या तोंडच्या शिव्यांत भेटला असेल. पटकी म्हणजे कॉलरा. १८८४ साली रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यात या रोगाच्या जंतूचा छडा लावला. हे जंतू काही विष तयार करीत असावेत, असा तर्कही त्यांनी केला. पण पुढची सत्तरेक वर्षे ते विष काही हाती लागेना. संशोधक प्राण्यांच्या रक्तात किंवा पोटाच्या पोकळीत जंतू टोचत. प्राणी कधी मरत, कधी जगत, पण माणसाला होतात तसे पाण्यासारखे जुलाब त्यांना होत नसत.

कलकत्त्यातील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. शंभुनाथ डे यांना इथेच मेख दिसली. रोग आतड्याचा, मग जंतू इतरत्र कशाला टोचायचे? डे यांचा जन्म १९१५ साली हुगळी जिल्ह्यातला. लंडनहून पीएच.डी. घेऊन ते मायदेशी परतले होते. १९५३ साली त्यांनी चटर्जी या सहकाऱ्यासह एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. गुंगी दिलेल्या सशाच्या आतड्याचा एक भाग दोन्ही बाजूंनी दोऱ्याने बांधायचा, म्हणजे त्याची बंद पिशवी तयार होते. तिच्यात कॉलऱ्याचे जंतू सोडायचे आणि पोट पुन्हा शिवून टाकायचे. दुसऱ्या दिवशी पाहावे तर ती पिशवी पाण्याने टम्म फुगलेली! शेजारच्या दुसऱ्या बांधलेल्या भागात जंतू सोडले नाहीत, तर तो रिकामाच राहतो. जंतूंमुळेच पाणी सुटते, हे सिद्ध करायला एवढी तुलना पुरे.

पण जंतू स्वतः पाणी काढतात की त्यांनी सोडलेला एखादा पदार्थ? डे यांनी जंतू पातळ माध्यमात वाढवले, ते गाळून पूर्णपणे वेगळे केले आणि उरलेले जंतुविरहित पाणी तेवढे आतड्यात सोडले. आतडे तसेच फुगले. म्हणजे विष जंतूच्या शरीरात अडकलेले नसून तो ते बाहेर टाकतो. हा निकाल ‘नेचर’ या नियतकालिकात १९५९ साली आला. सगळा मजकूर जेमतेम दोन पानांचा. त्याच वर्षी मुंबईच्या हाफकिन संस्थेत एन. के. दत्ता, पानसे आणि कुलकर्णी यांनीही सशाच्या पिलांवर प्रयोग करून कॉलऱ्याच्या विषाचा पुरावा प्रसिद्ध केला. एकाच वर्षी आपल्याच देशातली दोन शहरे एकाच प्रश्नाच्या मागे होती, ही गोष्ट पाठ्यपुस्तकांत यायला हवी असे मला वाटते.

एवढा मोठा शोध! उल्लेखांचा पाऊस पडला असेल, नाही का? तसे झाले नाही. सुरुवातीला त्या निबंधाची फारशी दखलच घेतली गेली नाही. हळूहळू इतर प्रयोगशाळा त्याच वाटेने आल्या. १९६९ साली अमेरिकेत फिंकेलस्टाइन आणि लोस्पालुटो यांनी कॉलऱ्याचे विष शुद्ध स्वरूपात मिळवले. ते आतड्याच्या पेशींवर कसे काम करते, हे उलगडत गेले. जुलाबाच्या इतर जंतूंसाठीही डे यांची ‘बांधलेल्या आतड्याची’ पद्धत जगभर वापरली जाऊ लागली. मग उल्लेख वाढू लागले. पण तोवर डे यांचे उमेदीचे दिवस संपत आले होते. १९७३ साली ते कलकत्ता मेडिकल कॉलेजमधून निवृत्त झाले. १९७८ साली कॉलऱ्यावरील नोबेल परिसंवादाचे त्यांना बोलावणे आले, तेव्हा ते म्हणाले की, साठीच्या दशकाच्या सुरुवातीपासून मी मेल्यातच जमा होतो, तुम्ही मला उकरून काढलेत. नोबेल विजेते जोशुआ लेडरबर्ग यांनी नोबेल पारितोषिकासाठी त्यांचे नाव एकापेक्षा अधिक वेळा सुचवले होते. आपल्या देशातल्या विज्ञान अकादम्यांनी मात्र त्यांना आपले सदस्यही करून घेतले नाही. १९८५ साली ते वारले. दुसऱ्याच वर्षी गारफील्ड यांनी, म्हणजे उल्लेख-सूचीच्या जनकानेच, कॉलरा संशोधनाचा उल्लेखांवरून नकाशा काढला आणि त्यात डे यांचे स्थान किती मध्यवर्ती आहे ते दाखवले.

तेव्हा पाहा, जवळच्या डोळ्यांना जे दिसले नाही ते उल्लेखांच्या मोजणीने दाखवले. हा तिचा मोठा गुण. पण ते दिसायला जवळजवळ पंचवीस वर्षे लागली. १९६२ साली कोणी डे यांचे उल्लेख मोजून त्यांच्या कामाला गुण दिले असते, तर त्या गुणांना काय अर्थ होता?

मी पदार्थविज्ञान शिकवतो. कोणतेही उपकरण हाती आले की त्याची शून्य-त्रुटी किती, आणि ते नेमके काय मोजते, हे दोन प्रश्न मी विद्यार्थ्यांना आधी विचारायला लावतो. तेच इथे विचारू.

जगात सर्वांत जास्त उल्लेख मिळालेला निबंध कोणता? आइनस्टाइनचा? डीएनएच्या रचनेचा? दोन्ही नाहीत. तो आहे अमेरिकेतील सेंट लुइसचे जीवरसायनशास्त्रज्ञ ऑलिव्हर लॉरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, १९५१ सालचा. एखाद्या द्रावणात प्रथिन किती आहे हे कसे मोजावे, एवढाच त्याचा विषय. तांब्याचा क्षार आणि फोलिनचे अभिकर्मक घातले की द्रावण निळे होते. निळाई जितकी गडद तितके प्रथिन जास्त. प्रकाश किती शोषला गेला ते मोजायचे की झाले. २०१४ सालापर्यंत या निबंधाचे उल्लेख तीन लाखांवर गेले होते. वॉटसन आणि क्रिक यांचा डीएनएवरचा १९५३ सालचा निबंध मात्र त्या वर्षी निघालेल्या पहिल्या शंभरांच्या यादीतसुद्धा नव्हता! लॉरी प्रामाणिक गृहस्थ होते. हा काही थोर निबंध नव्हे, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे, पण त्याचा बोलबाला पाहून मनातून गंमत वाटते, हेही कबूल केले आहे.

असे का होते? पद्धतीचा निबंध हा सुताराच्या रंध्यासारखा असतो. प्रत्येक जण तो वापरतो आणि प्रत्येक वेळी त्याची नोंद करतो. उलट फार मोठा विचार इतका सर्वांचा होतो की त्याचा उल्लेख करणेच लोक सोडून देतात. बल बरोबर वस्तुमान गुणिले त्वरण, असे लिहिताना तुम्ही कधी न्यूटनच्या ग्रंथाचा पृष्ठांक देता का?

आणखी एक गोम आहे. उल्लेख म्हणजे शाबासकीच असते असे नाही. अँड्र्यू वेकफील्ड यांनी गोवराच्या संयुक्त लशीचा स्वमग्नतेशी संबंध सुचवणारा निबंध १९९८ साली प्रसिद्ध केला. तो पुढे खोटा ठरला आणि २०१० साली मागे घेण्यात आला. पण त्याला खोडून काढणाऱ्या प्रत्येकाला त्याचे नाव लिहावेच लागले, म्हणून त्याचे उल्लेख भरमसाट झाले. शिवाय वैद्यकात काम करणारे लोक पुष्कळ आणि त्यांच्या याद्या लांब. गणितज्ञांच्या याद्या आखूड. मग वैद्यकातल्या माणसाची आणि गणितज्ञाची उल्लेखसंख्या शेजारी ठेवणे म्हणजे लिटरची आणि मीटरची तुलना करणे होय.

एकाच मोठ्या निबंधाने एकूण आकडा फुगतो, ही अडचण टाळण्यासाठी २००५ साली एका पदार्थवैज्ञानिकानेच युक्ती काढली. त्यांचे नाव जॉर्ज हर्श, विद्यापीठ कॅलिफोर्नियातले. त्यांच्या मापाला ‘एच-निर्देशांक’ म्हणतात. समजा, क्ष या संशोधकाच्या सहा निबंधांना ४०, १८, ७, ५, ३ आणि ० उल्लेख मिळाले. उतरत्या क्रमाने मोजत चला. पहिल्याला निदान १, दुसऱ्याला निदान २, तिसऱ्याला निदान ३, चौथ्याला निदान ४ उल्लेख आहेत. पाचव्याला ५ हवे होते, आहेत ३. तेव्हा थांबा. क्षचा निर्देशांक ४. आता ज्ञ या संशोधिकेचे तीनच निबंध आहेत. त्यांना ९००, २ आणि १ उल्लेख मिळाले. तिची बेरीज ९०३, क्षची अवघी ७३, पण तिचा निर्देशांक येतो २! सातत्याने काम करणारा वर आला, हे खरे. पण ज्ञचा तो ९०० वाला निबंध डे यांच्या १९५९ सालच्या निबंधासारखा असला तर? हे माप त्याची दखल घ्यायला नकारच देते. आणि कोणत्याही संशोधकाचा एच-निर्देशांक त्याच्या एकूण निबंधांच्या संख्येपेक्षा जास्त होऊ शकत नाही, त्यामुळे थोडके लिहिणाऱ्याची वाट इथे आधीच अडलेली असते. नोकरी, बढती, अनुदान देताना असा एकच आकडा पाहून मोकळे होणाऱ्या निवड समित्या असतात. त्यांना निबंध वाचायला वेळ नसतो असे म्हणतात. मला हे कारण पटत नाही. डे यांचा निबंध दोन पानांचा आहे.

आता आलेख-कागद घ्या. आडव्या अक्षावर निबंधाचा क्रमांक, उभ्या अक्षावर उल्लेख. प्रत्येक निबंधासाठी एक घर रुंदीचा स्तंभ काढा, उंच स्तंभ डावीकडे. डाव्या खालच्या कोपऱ्यापासून या स्तंभांच्या आत मावेल असा मोठ्यात मोठा चौरस काढा. त्याची बाजू म्हणजेच एच-निर्देशांक. १२, ९, ९, ६, ५, ५, २, १ हे उल्लेख घेऊन करून पाहा. बाजू ५ यायला हवी. ती ६ होण्यासाठी कमीत कमी किती नवे उल्लेख लागतील आणि ते कोणत्या निबंधांना मिळायला हवेत? आणि तेवढ्यात पहिल्या निबंधाला आणखी एक हजार उल्लेख मिळाले, तर तुमचा चौरस किती घरांनी वाढेल?