माहितीचे दप्तर : घरचे आणि कचेरीचे

संगणकावरील माहितीसाठा, म्हणजेच डेटाबेस, दोन रीतींनी सांभाळला जातो. नोंदवही स्वतःच्या कपाटात ठेवून हवी तेव्हा लिहावी, ही एक रीत. दप्तरखान्याच्या खिडकीवर मागणी द्यावी आणि दप्तरदाराने नोंद करून उत्तर द्यावे, ही दुसरी.

पहिल्या रीतीचे सर्वपरिचित उदाहरण म्हणजे एस्क्यूलाइट. अमेरिकेतील रिचर्ड हिप यांनी ते २००० साली प्रसिद्ध केले. त्यामागील हकिकत उद्बोधक आहे. नौदलाच्या एका युद्धनौकेसाठी ते ज्या प्रोग्रामवर काम करीत होते तो वेगळ्या सर्व्हरवर विसंबून होता. सर्व्हर बंद पडला की प्रोग्रामही खोळंबे आणि दोष मात्र प्रोग्रामच्या माथी येई. तेव्हा दप्तरदारच नको, असा विचार त्यांनी केला. एस्क्यूलाइट प्रोग्राममध्येच सामावलेले असते आणि सर्व माहिती सामान्यतः एकाच फाइलीत राहते. अँड्रॉइड फोनमध्ये ते असतेच. आपण ते रोज वापरतो, नाव मात्र ठाऊक नसते.

पोस्टग्रेस हे दुसऱ्या रीतीचे उदाहरण. त्याचे काम १९८६ साली बर्कली येथील विद्यापीठात सुरू झाले. येथे सर्व्हर अखंड चालू राहतो. इतर संगणक केवळ मागणी पाठवितात. फाइलीला हात लावीत नाहीत. कोणी काय वाचावे, काय बदलावे, हे सर्व्हर ठरवितो. एस्क्यूलाइटमध्ये असा पहारेकरी नाही. ज्याच्या हाती फाइल, त्याच्या हाती सर्व माहिती.

एस्क्यूलाइटमध्ये वाचणारे अनेक चालतात, पण लिहिणारा एका वेळी एकच. एका संगणकावर हजेरीपट ठेवणाऱ्या शाळेला याची अडचण भासत नाही, कारण प्रत्येक नोंद क्षणार्धात संपते. खरा धोका निराळाच आहे. पैसे वाचविण्यासाठी हीच फाइल नेटवर्कवरील सामाईक फोल्डरमध्ये ठेवून चार-पाच टेबलांवरून उघडली जाते. नेटवर्कवरून फाइलीचे कुलूप नेहमी विश्वासाने लागत नाही. दोघांनी एकाच वेळी लिहिले, तर वर्षभराच्या नोंदी बिघडू शकतात. अशा ठिकाणी सर्व्हरचा खर्च सोसलेलाच बरा.

लेखन चालू असताना फाइलीची साधी नक्कल काढणेही धोक्याचे आहे. प्रतीसाठी एस्क्यूलाइटची स्वतंत्र बॅकअप आज्ञा आहे, ती वापरावी. आणि काढलेली प्रत दुसऱ्या संगणकावर एकदा उघडून पाहावी.