गळ्यात लिंग, दंडाला गंडा

शरणबंधूंनो, बऱ्हाणपूरच्या केळीबागांत पावसाळ्यात साप निघतात आणि दंश होताच काहीजण अजूनही भगताकडे धावतात. भगत मंत्र घालतो, माणूस वाचतो, कीर्ती पसरते. वास्तविक पुष्कळ साप बिनविषारी असतात. विषारीही कधी कोरडाच दंश करतो. जे विष अंगात गेलेच नाही, ते उतरविले कोणी? नागाचे विष खरोखर भिनले असेल, तर प्रतिविषाचे इंजेक्शनच हवे. मंत्रात गेलेला तास परत येत नाही.

मग विश्वास कोणावर ठेवावा? ‘दवाखाना बंद करा’ म्हणेल त्याच्यापुढून तत्क्षणी उठावे. (सर्पदंशाच्या रोग्यास उपचारापासून अडविणे महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. तो कायदा आपल्या मध्यप्रदेशात नाही, म्हणून सावधपण आपणच ठेवायचे.) जो धीर देतो, काही मागत नाही, औषध चालू ठेवा म्हणतो, त्याच्याशी आमचे भांडण नाही.

बाराव्या शतकातील शरणांत वैद्य संगण्णा होते. वैद्यकी हेच त्यांचे कायक. आणि महात्मा बसवेश्वरांनी इष्टलिंग भक्ताच्या तळहातावर ठेविले, मध्ये मध्यस्थ ठेविला नाही. तरी गळ्यात लिंग असून दंडाला गंडा बांधलेले भक्त मठात येतात. मी गंड्याबद्दल बोलत नाही. ताप किती दिवसांचा, रक्त तपासले का, एवढे आधी विचारतो.