वर्दी उतरल्यावर

मुलांनो, पोलीस अधिकारी निवृत्त झाला की त्याची वर्दी उतरते. मग त्याच्या अनुभवाचे काय?

ज्युलिओ रिबेरो १९८२ मध्ये मुंबईचे पोलीस आयुक्त झाले. पुढे त्यांनी पंजाबातही काम केले. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईत शेजारी शेजाऱ्याला घाबरत होता. अनेक वस्त्यांत पोलिसांवर विश्वास उरला नव्हता. १९९४ मध्ये मोहल्ला कमिट्यांचे काम सुरू झाले. ('मोहल्ला' शब्द तुमच्या ओळखीचाच!) निवृत्त रिबेरो त्या कामात उतरले. कमिटीत हिंदू, मुसलमान आणि पोलीस एकत्र बसत. अफवा उठली, तर आधी खरेखोटे पाहत. रिबेरोंच्या हाती आता काठी नव्हती, हुकूमही नव्हता. मला वाटते, म्हणूनच लोक त्यांच्याशी मोकळेपणाने बोलू शकले. पुढे पोलीस आणि मोहल्ल्यांतील मुले क्रिकेटही एकत्र खेळली.