वैद्यकीय इच्छापत्र : काय लिहावे, काय लिहू नये



नोव्हेंबर महिन्यात आपण आपल्या मृतांसाठी मिस्सा अर्पण करतो, कबरींवर मेणबत्त्या लावतो. स्वतःच्या शेवटच्या आजाराविषयी मात्र घरात कुणी बोलत नाही. म्हाताऱ्याने विषय काढलाच तर 'अभद्र बोलू नका' म्हणून त्याला गप्प करतात. मग एके दिवशी वडील बेशुद्ध पडतात, गाडी करून त्यांना ब्रह्मपुरीला किंवा नागपूरला नेले जाते आणि अतिदक्षता विभागाच्या दाराशी थोरल्या मुलाला विचारले जाते, "व्हेंटिलेटर चालू ठेवायचे का?" वडिलांना काय हवे होते हे त्याला ठाऊक नसते. हो म्हटले तर धानाची बांधी गहाण पडते. नाही म्हटले तर जन्मभराची टोचणी.

ह्या प्रश्नाचे उत्तर आपण शुद्धीवर असतानाच लिहून ठेवता येते. त्या कागदाला वैद्यकीय इच्छापत्र किंवा लिव्हिंग विल म्हणतात. घरादाराच्या वाटणीचे मृत्युपत्र वेगळे; ते मृत्यूनंतर उघडायचे असते, हे त्याआधी.

मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांचे नाव अनेकांना आठवत असेल. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी त्यांच्यावर अमानुष हल्ला झाला आणि त्यांच्या मेंदूला कायमची इजा झाली. त्यांना मरू द्यावे अशी लेखिका पिंकी विराणी यांची याचिका सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी फेटाळली. रुग्णालयातील परिचारिकांना त्या जगायला हव्या होत्या. त्यांनीच १८ मे २०१५ पर्यंत, म्हणजे सुमारे ४२ वर्षे, अरुणाताईंना भरवले, स्वच्छ ठेवले. ती सेवा आम्हांला कोणत्याही प्रवचनापेक्षा मोठी वाटते. पण अरुणाताईंना स्वतःला काय हवे होते, हे शेवटपर्यंत कुणालाच कळू शकले नाही.

९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने इच्छापत्राला मान्यता दिली. तेव्हाची पद्धत फार किचकट होती, दंडाधिकाऱ्यांची सही लागे. २४ जानेवारी २०२३ रोजी ती सोपी झाली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून कागद साक्षांकित केला की पुरे. आपले तहसीलदार राजपत्रित अधिकारीच आहेत. एक प्रत नगरपंचायतीकडे किंवा ग्रामपंचायतीकडे द्यायची असते. ती सांभाळणारा अधिकारीच नाही, हे मुंबईचे डॉ. निखिल दातार यांनी जनहित याचिकेद्वारे उच्च न्यायालयापुढे मांडले होते; पुढे महाराष्ट्र शासनाने तसे अधिकारी नेमले. गोव्यात पहिले इच्छापत्र ३१ मे २०२४ रोजी नोंदवले गेले. ते तेव्हा तेथील खंडपीठावर असलेले न्यायमूर्ती महेश सोनक यांचे होते.

आता आपल्या मनातला प्रश्न : फादर, ही आत्महत्या नव्हे काय?

नव्हे. पोप पायस बारावे यांनी २४ नोव्हेंबर १९५७ रोजी डॉक्टरांपुढे बोलताना साधारण आणि असाधारण उपाय असा भेद केला. जे उपचार रुग्णाला नुसते ओझे होतात आणि ज्यांतून काही निष्पन्न होत नाही, ते नाकारणे म्हणजे मृत्यू मागणे नव्हे. पोप जॉन पॉल दुसरे २००५ साली अखेरच्या दिवसांत पुन्हा इस्पितळात गेले नाहीत, आपल्या खोलीतच राहिले. मात्र मारण्यासाठी सुई देणे, मग ते दयेपोटी का असेना, हा खून आहे. आपल्या कायद्यालाही ते मान्य नाही. मारणे आणि मरू देणे हा भेद सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या तासाला शब्दांचा खेळ वाटे. रुग्णाच्या खाटेजवळ तसा वाटत नाही.

एका बाबतीत कायदा आणि ख्रिस्तसभा यांच्या वाटा वेगळ्या होतात. नळीने दिले जाणारे अन्नपाणीही नको, असे कायद्याने लिहिता येते. ख्रिस्तसभेच्या दृष्टीने अन्नपाणी हा उपचार नसून सेवा आहे. शरीर ते स्वीकारते आहे तोवर ते थांबवू नये. कॅथलिकाने आपल्या इच्छापत्रात हे स्पष्ट लिहावे. वेदना कमी करणारी औषधे मात्र निःशंक मागावीत, त्यांनी गुंगी आली तरी.

शब्द जपून वापरा. 'मला व्हेंटिलेटर नको' एवढेच लिहिणे आमच्या मते आपल्या भागात धोक्याचे आहे. रोवणीच्या दिवसांत मण्यार किंवा नाग चावला तर श्वासाचे स्नायू लुळे पडतात; काही दिवस यंत्राने श्वास दिला की तोच माणूस बरा होऊन पुन्हा बांधीत उतरतो. म्हणून लिहावे ते असे : 'आजार बरा होण्याची आशा उरली नाही असे डॉक्टरांनी ठरवले आणि मला स्वतः निर्णय घेता येत नसेल, तर केवळ मरण लांबवणारी यंत्रे नकोत.' कायदाही हेच धरून चालतो. डॉक्टरांची एक समिती आणि मग दुसरी समिती तपासून ठरवते, त्याशिवाय काहीही बंद होत नाही.

आपल्या वतीने बोलणाऱ्या व्यक्तींची नावे कागदात असावी लागतात, एकाहून अधिक चालतात. ज्याचे मन खंबीर आहे आणि ज्याला आपण नीट समजावून सांगितले आहे, तो माणूस निवडा. तो थोरला मुलगाच असला पाहिजे असे नाही. लेकही चालते, सूनही चालते.

आणि कागद लिहून विसरू नका. नाव दिलेली पत्नी आधी वारते, मुलगा कामासाठी हैदराबादला जातो, नवे दुखणे निघते, आपले मनही बदलते. इच्छापत्र केव्हाही लेखी बदलता येते, रद्द करता येते; दोन सापडली तर शेवटी सही केलेले धरले जाते. तरी जुन्या प्रती मागून घ्या आणि जिथे जिथे दिल्या होत्या तिथे नवी द्या. दर वर्षी ह्याच महिन्यात एकदा काढून वाचावे, हे बरे.

मूळ प्रत पेटीत कुलूप लावून ठेवू नका. रात्री दोन वाजता किल्ली कुणाला सापडत नाही. ज्याचे नाव लिहिले आहे त्याच्या हाती एक प्रत द्या आणि तिच्या तळाशी आणखी एक ओळ घाला : माझी शुद्ध जाण्याआधी फादरांना निरोप धाडा, मला रुग्णाभ्यंग आणि ख्रिस्तशरीर हवे आहे.