बचावफळीतून न्यायासनाकडे

अमेरिकन फुटबॉलमध्ये टाळ्या पडतात त्या चेंडू घेऊन धावणाऱ्यासाठी. त्याला अडविणारा बहुधा उपेक्षितच राहतो. म्हणूनच १९७१ साली असोसिएटेड प्रेसने मिनेसोटा वायकिंग्ज संघाच्या ॲलन पेज यांना वर्षातील सर्वांत मोलाचा खेळाडू ठरविले, हे असाधारण होय. हा मान मिळविणारे ते पहिले बचावपटू.

त्यांचा जन्म १९४५ साली ओहायोतील कँटन गावी झाला. तेथे फुटबॉलचे कीर्तिमंदिर उभे राहत असताना तरुण पेज त्या बांधकामावर मजुरी करीत होते. १९८८ साली त्याच मंदिरात त्यांना स्थान मिळाले.

बचावफळीच्या मध्यभागी धिप्पाड गडीच हवा, असा संकेत असे. पेज यांची भिस्त मात्र चपळाईवर : चेंडू हलताच, समोरचा सावरण्यापूर्वी, ते आत घुसत. पुढे त्यांना लांब पल्ल्याच्या धावण्याचा छंद जडला, वजन उतरले आणि १९७८ साली संघाने त्यांना मुक्त केले. ते हलके झाले होते, दुबळे नव्हे. शिकागो बेअर्सकडून ते १९८१ पर्यंत खेळले.

त्याच १९७८ साली, खेळत असतानाच अभ्यासून, त्यांनी कायद्याची पदवी संपादन केली होती. मिनेसोटात न्यायाधीशही मतदानाने निवडले जातात. १९९२ साली त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयावर पेज निवडून आले. तेथील ते पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती. सत्तरीच्या वयोमर्यादेमुळे २०१५ साली ते निवृत्त झाले.