आरोग्यमार्गदर्शनाचा छोटा व्यवसाय : पूर्वतयारी आणि मर्यादा

मधुमेहाचे निदान झालेला रुग्ण दवाखान्यातून बाहेर पडतो, तेव्हा त्याच्याजवळ दोन गोष्टी असतात. एक औषधांची चिठ्ठी आणि दुसरी डॉक्टरांची तोंडी सूचना. वजन उतरवा, रोज चाला, गोड व तळलेले कमी करा, अशी ती सूचना असते. चिठ्ठीवरील औषध दुकानात मिळते. सूचना आचरणात कशी आणावयाची, हे सांगणारे मात्र सहसा कोणी भेटत नाही. छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज परिसरात रात्रपाळी करणाऱ्या कामगाराने जेवावे केव्हा आणि चालावे केव्हा, दिवसातून पाच वेळा चहा घेणाऱ्या शिक्षकाने साखर कमी कशी करावी, हे प्रश्न वरवर किरकोळ वाटतात. परंतु उपचाराचे यश पुष्कळदा त्यांच्याच उत्तरावर अवलंबून असते. बाहेर रुग्णांची रांग असताना डॉक्टरांना या प्रश्नांसाठी वेळ देता येत नाही, हेही तितकेच खरे.

ही उणीव भरून काढणारी व्यक्ती म्हणजे आरोग्यमार्गदर्शक होय. शहरांतून ती ‘हेल्थ कोच’ या नावाने परिचित होऊ लागली आहे. थोड्या भांडवलात सुरू करता येणारा हा व्यवसाय सुशिक्षित तरुणांना, विशेषतः महिलांना, आकर्षक वाटणे स्वाभाविक आहे. तथापि ज्या व्यवसायात दुसऱ्याच्या प्रकृतीचा प्रश्न गुंतलेला आहे, त्यात पाऊल टाकण्यापूर्वी त्याचे स्वरूप व मर्यादा नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

व्यवसायाची गरज

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह असून, आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. या दुसऱ्या गटाला योग्य वेळी मार्गदर्शन मिळाल्यास काय साधते, याचे उत्तर चेन्नईच्या संशोधकांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून मिळते. उंबरठ्यावरील ५३१ व्यक्तींचा या अभ्यासात समावेश होता. ज्यांना केवळ नेहमीची सूचना देण्यात आली, त्यांच्यापैकी तीन वर्षांत ५५ टक्के लोकांना मधुमेह जडला. ज्यांच्या आहारात व व्यायामात सातत्यपूर्ण मार्गदर्शनाने बदल घडविण्यात आला, त्यांच्यात हे प्रमाण सुमारे ३९ टक्के राहिले. दोन्ही गटांना हिताचे काय ते सांगण्यात आलेच होते. फरक पडला तो पाठपुराव्यामुळे. आरोग्यमार्गदर्शकाने जी सेवा द्यावयाची, ती या पाठपुराव्याची होय.

जामखेडचा धडा

वैद्यकीय पदवी नसलेली व्यक्ती आरोग्याच्या क्षेत्रात किती मोलाचे कार्य करू शकते, याचे उदाहरण मराठवाड्याच्या सीमेवरच आहे. बीड जिल्ह्याला लागून असलेल्या जामखेड या दुष्काळी तालुक्यात डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. प्रारंभी प्रशिक्षित परिचारिकांना खेड्यात वास्तव्यास पाठविण्याचा प्रयत्न झाला, पण तो फारसा यशस्वी ठरला नाही. परक्या मुलीला गावात एकटे राहणे कठीण जाई आणि तिचा शब्दही लोकांच्या मनावर ठसत नसे. तेव्हा गावानेच आपल्यातील एक स्त्री निवडावी आणि प्रकल्पाने तिला शिकवावे, असा मार्ग स्वीकारण्यात आला. निवडल्या गेलेल्या स्त्रियांपैकी अनेकजणी निरक्षर होत्या व उपेक्षित समाजातून आलेल्या होत्या.

या स्त्रियांनी गरोदर मातांची काळजी, बालकांचा आहार, लसीकरण, क्षय व कुष्ठरोग यांविषयी घरोघरी जाऊन लोकांची समजूत बदलली. या कार्याची दखल देशाबाहेरही घेतली गेली. आरोळे दांपत्यास १९७९ साली रॅमन मॅगसेसे पुरस्कार देऊन गौरविण्यात आले.

जामखेडच्या यशामागील तीन गोष्टी नव्या मार्गदर्शकाने ध्यानात ठेवाव्यात. पहिली गोष्ट म्हणजे, सेविका लोकांच्या ओळखीची व विश्वासातील होती. दुसरी गोष्ट म्हणजे, तिचे शिक्षण एकदाच होऊन संपले नाही. ती नियमितपणे जामखेडला येई, गावातील अनुभव मांडी, इतरांचे ऐके आणि नवे शिकून परत जाई. तिसरी गोष्ट म्हणजे, तिच्या पाठीशी डॉक्टर व रुग्णालय उभे होते, आणि आपल्या आवाक्याबाहेरचा रुग्ण कोणता व त्याला कोठे पाठवावयाचे, हे तिला शिकविलेले होते.

याबरोबरच आर्थिक बाजूही विचारात घ्यावयास हवी. या स्त्रियांचा संसार गावकऱ्यांकडून घेतलेल्या सल्ल्याच्या मोबदल्यावर चालत नव्हता. छोट्या कर्जातून शेळीपालन, किरकोळ विक्री यांसारखे पूरक उद्योग करण्यास त्यांना उत्तेजन देण्यात आले. आरोग्याचा सल्ला हे लगेच भरपूर उत्पन्न देणारे साधन नव्हे, हा बोध आजच्या व्यवसायेच्छू तरुणानेही घेण्यासारखा आहे.

मार्गदर्शकाचे काम कोणते?

मार्गदर्शक रोगाचे निदान करीत नाही, औषध देत नाही आणि डॉक्टरांनी दिलेले औषध कमी-अधिक करीत नाही. डॉक्टरांनी ठरविलेले उद्दिष्ट दैनंदिन जीवनात उतरविण्यास तो साहाय्य करतो. त्यासाठी प्रथम त्याने ऐकावयास शिकले पाहिजे. समोरील व्यक्ती केव्हा उठते, काय खाते, घरी स्वयंपाक कोण करते, काम कोणत्या पाळीत असते, याची माहिती घेतल्याखेरीज दिलेला सल्ला व्यर्थ जातो.

एका साध्या उदाहरणाने हे स्पष्ट होईल. एका कपात दोन लहान चमचे साखर घालून दिवसाला पाच कप चहा घेणाऱ्याच्या पोटात केवळ चहावाटे सुमारे ४० ग्रॅम साखर जाते. त्याला ‘साखर बंद करा’ असे सांगितल्यास तो दोन दिवस ऐकेल आणि तिसऱ्या दिवशी मूळ पदावर येईल. त्याऐवजी पहिल्या आठवड्यात प्रत्येक कपातील एक चमचा कमी करावा, दुसऱ्या आठवड्यात पाचाचे तीन कप करावेत, असे त्याच्या संमतीने ठरविल्यास बदल टिकण्याची शक्यता वाढते. ज्वारी-बाजरीची भाकरी, डाळी, पालेभाज्या, मठ्ठा हे मराठवाड्याच्या ताटातील नेहमीचे पदार्थ आहेत. महागड्या परदेशी पदार्थांचा आग्रह धरण्याचे काहीच कारण नाही. स्वयंपाक करणारी व्यक्ती चर्चेत सहभागी नसेल, तर आहाराची कोणतीही योजना कागदावरच राहते, हेही विसरता कामा नये.

धोक्याची जागा

या व्यवसायातील सर्वांत मोठा धोका सद्हेतूतूनही उद्भवू शकतो. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या काही गोळ्या घेणाऱ्या व्यक्तीने मार्गदर्शकाच्या सांगण्यावरून अचानक जेवण कमी केले आणि औषध पूर्वीइतकेच घेतले, तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. थरथर, दरदरून घाम, संभ्रम व अखेरीस बेशुद्धी असा हा प्रकार असतो. याच्या उलट, ‘आता पथ्याने साखर आटोक्यात आली, औषध सोडा’ असा सल्ला मिळाल्यास रोग पुन्हा उसळी घेऊन डोळे, मूत्रपिंडे व पाय यांवर घाला घालतो. नवरात्र, एकादशी किंवा रमजानचे उपवास करू इच्छिणाऱ्या मधुमेही व्यक्तीस म्हणूनच प्रथम डॉक्टरांकडे पाठवावे. औषधे चालू असलेल्या कोणाच्याही आहारात बदल सुचविण्यापूर्वी त्याच्या डॉक्टरांना तसे कळविणे, हा मार्गदर्शकाने स्वतःस घालून घ्यावयाचा पहिला नियम असावा.

छातीत दुखणे, धाप लागणे, अचानक दृष्टी अंधुक होणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे अशा प्रसंगी सल्ला देत न बसता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. पायावरील न भरणाऱ्या जखमेसाठी रुग्णास विनाविलंब डॉक्टरांकडे पाठवावे. गरोदर स्त्रिया, लहान मुले व मूत्रपिंडाचे रुग्ण यांची आहारयोजना मार्गदर्शकाने आपल्या हाती घेऊ नये.

कायद्याची चौकट

नोंदणीकृत नसलेल्या व्यक्तीने वैद्यक व्यवसाय करण्यास महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम, १९६१ अन्वये मनाई आहे. मधुमेह, रक्तदाब व लठ्ठपणा बरा करण्याची हमी देणाऱ्या औषधांच्या व चमत्कारी उपायांच्या जाहिरातींना १९५४ च्या केंद्रीय कायद्याने प्रतिबंध केला आहे. आहारशास्त्रज्ञांसह विविध संलग्न आरोग्य व्यावसायिकांचे नियमन करण्यासाठी २०२१ साली कायदा संमत झाला आहे. सबब आवश्यक अर्हता नसताना नावापुढे ‘आहारतज्ज्ञ’ असे बिरुद लावू नये. ‘डॉक्टर’ या शब्दाचा भास होईल असा फलक तर मुळीच लावू नये.

व्यवसायाची उद्यम नोंदणी आधार क्रमांकाच्या साहाय्याने विनामूल्य होते. वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असेल, तर केवळ सेवा देणाऱ्या व्यावसायिकास सामान्यतः वस्तू व सेवा कराची नोंदणी आवश्यक नसते. भांडवलाची गरज भासल्यास मुद्रा योजनेच्या ‘शिशु’ गटात ५० हजार रुपयांपर्यंत कर्जाची तरतूद आहे. खाद्यपदार्थ किंवा पूरक आहाराची विक्री करावयाची असल्यास अन्नसुरक्षा कायद्याखाली वेगळी नोंदणी लागते. परंतु अशी विक्री न करणेच अधिक श्रेयस्कर. सल्ला देणाराच भुकटीचे डबे विकू लागला, की सल्ला कोणाच्या हिताचा, असा संशय निर्माण होतो.

प्रारंभ कसा करावा?

प्रथम एखाद्या मान्यताप्राप्त संस्थेतून पोषण व आरोग्यशिक्षणाचा अभ्यासक्रम पूर्ण करावा. त्यानंतर परिसरातील एखाद्या डॉक्टरांशी बोलून कोणते रुग्ण ते पाठवतील आणि कोणते मार्गदर्शकाने त्यांच्याकडे पाठवावयाचे, हे लेखी ठरवून घ्यावे. वजनकाटा, रक्तदाब मोजण्याचे यंत्र, मोजपट्टी व प्रत्येक व्यक्तीसाठी एक वही एवढ्या साहित्यावर काम सुरू होऊ शकते. वहीतील माहिती खाजगी असते. ती संबंधित व्यक्तीच्या संमतीवाचून कोणासही दाखवू नये.

पहिला गट दहा-बारा जणांचा असावा व कालावधी तीन महिन्यांचा. उदाहरणादाखल, दरमहा ६०० रुपये फी धरल्यास बारा जणांच्या गटापासून ७,२०० रुपये मिळतील. त्यातून जागेचे भाडे, छपाई व प्रवास यांसाठी सुमारे २,५०० रुपये वजा जाता ४,७०० रुपये शिल्लक राहतात. हे उत्पन्न पहिल्या वर्षी पूरक स्वरूपाचेच समजावे आणि हाती असलेली नोकरी वा उद्योग घाईने सोडू नये. फी घ्यावयाची ती वेळेची व पाठपुराव्याची. वजन अमुक किलोने उतरेल अशी हमी देऊन पैसे घेणे योग्य नव्हे. प्रारंभीचे व तीन महिन्यांनंतरचे वजन, कंबरेचा घेर व रक्तदाब यांची प्रामाणिक नोंद ठेवावी. ज्यांना गुण आला नाही त्यांचीही नोंद असावी, कारण पुढील गटासाठी खरे शिक्षण त्यातूनच मिळते.

ग्रामपंचायत व शाळा यांचे साहाय्य

तीस वर्षांवरील व्यक्तींची मधुमेह व रक्तदाबाची तपासणी आयुष्मान आरोग्य मंदिरात विनामूल्य होते. मार्गदर्शकाने लोकांना तेथे न्यावे, त्याच तपासणीचे पैसे आकारू नयेत. ग्रामपंचायतीने सभागृहाची जागा द्यावी, मात्र त्याआधी उमेदवाराचे शिक्षण, त्याच्या पाठीशी असलेले डॉक्टर आणि त्याचा फलक या तीन गोष्टी पडताळून पाहाव्यात. आशा सेविकेच्या कामात अडथळा न येता त्यास पूरक काम व्हावे, याकडेही लक्ष द्यावे. शिक्षकांनी पालकसभेत या विषयाची माहिती दिल्यास भूलथापा देणाऱ्यांपासून अनेक कुटुंबे सावध होतील.

छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयासारख्या मोठ्या संस्थेत उपचारासाठी दूरदूरच्या जिल्ह्यांतून रुग्ण येतात. त्यांतील काहींना पाय गमावण्याची वा दृष्टी जाण्याची वेळ येऊ नये, यासाठी त्यांच्या गावात वा मोहल्ल्यात कोणीतरी वेळीच त्यांच्या पाठीशी लागावयास हवे. जामखेडच्या सेविकांनी ते काम अक्षरओळख नसतानाही करून दाखविले, कारण आपल्याला काय येते याबरोबरच काय येत नाही, याचेही भान त्यांना होते. नव्या आरोग्यमार्गदर्शकाने हे भान राखले, तर लोकांचा विश्वास त्याला लाभेल आणि त्या विश्वासावर त्याचा व्यवसायही हळूहळू परंतु निश्चितपणे उभा राहील.