गंजलेली सायकल

सातपुड्यात पाऊस फार. सायकल उघड्यावर राहिली, की गंजते. दोन-तीन पावसाळे गेले, की जाम होते. पायडल फिरत नाही. सीट खालीवर होत नाही. मग घरची माणसे म्हणतात, "द्या भंगारात!"

धडगावकडच्या एका घरी अशीच सायकल गोठ्याला टेकून होती. थोरल्या मुलीला ती आठवीत असताना मानव विकास कार्यक्रमातून मिळाली होती. तिची शाळा संपली. आता धाकटी सहावीत गेली. शाळा चार किलोमीटर लांब. तिला सायकल मिळायला अजून दोन वर्षे. तोवर रोज आठ किलोमीटर पायपीट. म्हणून आम्ही ती जुनी सायकल खोलायला बसलो.

लोखंडाला पाणी आणि हवा दोन्ही लागली, की गंज चढतो. गंज फुगतो. नट आणि आटे यांच्यामधली फट तो भरून टाकतो. अशा वेळी नुसता जोर लावला, तर नट सुटत नाही. त्याचे कोपरे मात्र झिजतात. मग पाना धरायचा कशाला?

आम्ही डिझेलमध्ये थोडे इंजिनचे तेल मिसळले. विस्तव दूर ठेवला. ते प्रत्येक नटावर सोडले आणि रात्रभर मुरू दिले. सकाळी हातोडीने हलके ठोके दिले. पुन्हा तेल सोडले. सीटचा दांडा तिसऱ्या दिवशी हलला. खाण्याचे तेल घालू नका. ते वाळून चिकट होते.

पायडलने मात्र आम्हांला फसवले. उजव्या पायडलचे आटे सरळ असतात, डाव्याचे उलटे. हे ठाऊक असून आम्ही घाईत डावे पायडल उलट बाजूला पिळले. ते आणखीच आवळले. एक दिवस फुकट गेला! सोपी खूण अशी: पाना वर उभा धरा आणि मागच्या चाकाकडे ढकला. दोन्ही पायडले अशीच सुटतात.

चाकातले छर्रे डिझेलने धुतले, पुसले, नवे ग्रीस भरले. चेन तेलात भिजवून मोकळी केली. बसवताना आट्यांनाही ग्रीस लावले.

ब्रेकच्या बाबतीत आम्ही काटकसर केली नाही. तारेचा एक धागा तुटलेला दिसला, तार नवी घातली. रबरेही नवी घातली. त्यांना तेलाचा हात लागू दिला नाही. चांदसैली घाट ज्यांनी पाहिला आहे, त्यांना याचे कारण सांगायला नको.

पहिल्या दिवशी धाकटीने सपाटीवर दहा वेळा ब्रेक दाबून पाहिला. शाळेच्या वाटेवरचा मोठा उतार ती सायकल हातात धरून, पायीच उतरली. आम्हीच तसे सांगितले होते.